लॉटेच्या हातातला पाव

जर्मन लेखक ग्योटेच्या ‘वेर्टर’ या कादंबरीवरून मी मराठी नाटक लिहिलं. संहितेच्या प्रती वाटल्या आणि दुसऱ्याच पानावर वाचन बंद पडलं. मी नायिकेचं नाव सरळ ‘लोटे’ असं टाइप केलं होतं. आमच्या वेर्टरने तळमळून “लोटे, मी आता परत येणार नाही,” असं म्हटलं आणि कोपऱ्यातून आवाज आला, “मग तांबे तरी घेऊन जा.” पुढची पाच मिनिटं कुणाला धड बसता येईना. एकाचं आजोळ चिपळूणकडचं, त्याला लोटे-परशुरामची एमआयडीसी दिसायला लागली. जर्मनमध्ये त्या ‘लो’चा उच्चार आखूड, ‘लॉ’च्या जवळचा. रात्री घरी येऊन एका झटक्यात सगळ्या लोटेंच्या लॉटे केल्या. त्या झटक्यात “अल्बर्ट दार लोटेल” या सूचनेचं “अल्बर्ट दार लॉटेल” झालं आणि शेवटच्या तालमीपर्यंत तसंच राहिलं. अजूनही आमच्या घरात कुणी दार लावायला सांगत नाही. लॉटायला सांगतात.

मी मूळची सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं ते आमच्या गावात, त्यामुळे सांगलीकराने आयुष्यात एकदा तरी नाटकाला हात लावलेला असतो, असा आमचा समज. मी शाळेत पडदा ओढायचे, त्यापलीकडे मजल गेली नव्हती. गेली चौदा वर्षं जर्मनीत वेट्झलारला राहते. लान नदीकाठचं हे गाव कॅमेऱ्यांसाठी आणि भिंगांसाठी जगभर ओळखलं जातं, आणि मीही दिवसभर भिंगंच तपासते. ग्योटेची ‘तरुण वेर्टरची दुःखं’ ही कादंबरी ज्या गावातून निघाली ते हेच गाव, हे मात्र मला इथे येऊन तीन वर्षं झाल्यावर कळलं. लेकीच्या शाळेची सहल लॉटेच्या घरी गेली तेव्हा.

१७७२ च्या मे महिन्यात बावीस वर्षांचा ग्योटे इथल्या साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात उमेदवारी करायला आला. वडिलांची इच्छा, दुसरं काय. ९ जूनला जवळच्या फोल्पर्ट्सहाउझेन गावात नाच होता, तिथे त्याला शार्लट ऊर्फ लॉटे बुफ भेटली. ती एकोणीस वर्षांची. आई आदल्या वर्षी वारलेली, मागे भावंडांचं लेंढार, आणि योहान क्रिश्चियन केस्टनर नावाच्या सरळमार्गी गृहस्थाशी तिचं ठरल्यातच जमा. ग्योटे उन्हाळाभर त्या घरात पडीक होता. ११ सप्टेंबरला कुणालाही न सांगता निघून गेला. ऑक्टोबरच्या शेवटी याच गावातल्या येरुझालेम नावाच्या तरुण वकिलाने, एका विवाहित बाईवरच्या प्रेमातून, केस्टनरकडूनच पिस्तुलं मागून आणून जीव दिला. केस्टनरने ती सगळी हकिकत ग्योटेला लिहून पाठवली. ग्योटेने स्वतःचा उन्हाळा आणि त्या वकिलाची हिवाळ्याच्या तोंडावरची ती रात्र एकत्र शिवली, चार आठवड्यांत लिहून काढलं, आणि १७७४ मध्ये पुस्तक बाहेर आलं. पोरं वेर्टरसारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालून फिरायला लागली. १७७५ मध्ये लाइपझिग शहराने पुस्तकावर बंदी घातली, त्या पोशाखावरसुद्धा.

लॉटेचं घर अजून उभं आहे. त्यात एक लहानसं संग्रहालय आहे. जिन्याच्या पायऱ्या करकरतात. मला त्या घरात पहिल्यांदा जाणवलं की खोल्या फार लहान आहेत. पुस्तकात वेर्टर एवढा आभाळाएवढा बोलतो, आणि प्रत्यक्षात इथे चार माणसं बसली की पाचव्याने उभं राहायचं. नाटक करावंसं तिथेच वाटलं. आमच्या मराठी मंडळाला संक्रांतीच्या कार्यक्रमात पाऊण तासाचं काहीतरी हवं होतं. त्यांना विनोदी हवं होतं, हा भाग वेगळा.

मुख्य अडचण अशी की ही कादंबरी म्हणजे पत्रं. वेर्टर विल्हेल्म नावाच्या मित्राला लिहितो, विल्हेल्मची उत्तरं आपल्याला दिसत नाहीत. शेवटाकडे ‘संपादक’ म्हणून एक माणूस येतो आणि उरलेलं सांगतो. म्हणजे जे काही कळतं ते एका माणसाच्या डोळ्यांतून. लॉटे सुंदर आहे, कारण तो म्हणतो. लॉटेला तो आवडतो, हेही तोच म्हणतो. रंगमंचावर हा कारभार चालत नाही. तिथे लॉटे उभी राहिली की शंभर माणसं तिच्याकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. वेर्टर म्हणाला, ‘तिच्या नजरेत माझ्याबद्दल काहीतरी होतं,’ आणि नटीने त्या वेळी धाकट्या भावाचं नाक पुसलं, तर प्रेक्षक कुणावर विश्वास ठेवणार? नाकावर.

विल्हेल्मला कुठे बसवायचं यावर तीन तालमी गेल्या. आमचा वेर्टर म्हणजे इचलकरंजीचा पोरगा, शेजारच्या गीसनमध्ये मास्टर्स करतो. त्याचं म्हणणं, “ताई, व्हॉइस नोट करूया की. तो मोबाइलवर बोलतोय, समोरनं ब्लू टिक.” कल्पना वाईट नव्हती. आणि नवीही नव्हती. पूर्व जर्मनीत उलरिश प्लेन्झडोर्फने १९७२ मध्ये हेच केलं होतं. त्याचा सतरा वर्षांचा एडगर वेर्टरमधली वाक्यं टेपवर बोलून मित्राला पाठवतो, आणि नाटक सुरू होतं तेव्हा तो आधीच मेलेला असतो. हाले शहरात ते पहिल्यांदा रंगमंचावर आलं. लेकीला शाळेत ते वाचायला होतं आणि मूळ पुस्तकापेक्षा तिला तेच जास्त आवडतं. पण मला निळी खूण नको होती. पत्र लिहून झाल्यावर ते पोचेपर्यंत लिहिणाऱ्याचं मन बदललेलं असतं, आणि वेर्टरची निम्मी फरफट त्या मधल्या दिवसांत आहे. शेवटी विल्हेल्म म्हणजे पहिली रांग असं ठरलं. वेर्टर थेट त्यांच्याशी बोलणार. पहिल्या रांगेत मंडळाचे ज्येष्ठ बसतात, त्यामुळे प्रयोगाला त्याने “विल्हेल्म, तुला माहीत आहे मी कसा आहे,” म्हणताच एका आजोबांनी मान डोलावली. ठरवून सांगितलं असतं तर एवढं जमलं नसतं.

आता पावाबद्दल सांगते, कारण सगळं नाटक माझ्यासाठी तिथून उलगडलं.

वेर्टर लॉटेला पहिल्यांदा पाहतो तो प्रसंग १६ जूनच्या पत्रात आहे. तो तिला नाचाला न्यायला बग्गी घेऊन येतो, दार उघडतो, आणि आत अकरा ते दोन वर्षांची सहा पोरं तिच्याभोवती. ती पांढऱ्या साध्या झग्यात, बाहीवर आणि छातीवर फिक्या गुलाबी फिती. हातात काळा पाव. ती प्रत्येकाला वयाप्रमाणे आणि भुकेप्रमाणे तुकडा कापून देते, आणि पोरं तुकडा कापून व्हायच्या आधीपासूनच हात वर करून उभी. बस, एवढंच. माणूस पुस्तकभर जिच्यासाठी तडफडतो ती पहिल्यांदा दिसते ती ही अशी, वाढताना.

मंडळातले एक काका म्हणाले, “पाव कशाला? भाकरी करा. आपल्या लोकांना पोचेल.” मी विचार केला, खरंच केला. चतकोर, नितकोर, अर्धी हे शब्द आपल्याकडे आहेतच, आणि लॉटे नेमकी तेच करते आहे. दोन वर्षांच्याला नितकोर, अकराच्याला अर्धी. पण भाकरी मोडतात. हाताने मोडलेल्या तुकड्यात माया दिसते, हिशोब दिसत नाही. सुरीने कापताना थांबावं लागतं, अंदाज घ्यावा लागतो, त्या पोराकडे एकदा बघावं लागतं. लॉटे कोण आहे ते त्या एका बघण्यात कळतं. शब्द मात्र काकांमुळे मिळाले. आमची लॉटे पाव कापत “तुला चतकोर, तू मोठा, तुला जास्त” म्हणायची, आणि ते हॉलभर पोचायचं.

लॉटे म्हणजे माझी लेक, वय सतरा. मराठी समजतं, बोलते ठेचकाळत. तिला मी पाव टेबलावर ठेवून कापायला लावला होता. आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक आजी राहतात. त्या एकदा तालीम बघायला आल्या आणि उठून थेट मध्ये गेल्या. “असं नाही.” पाव उभा धरून छातीशी घट्ट दाबला, सुरी पलीकडून स्वतःकडे ओढली, आणि तुकडा तळहातावर अलगद पडला. त्यांची आई असाच कापायची म्हणे. टेबल लागतंच कशाला, पोरं भोवती असताना टेबल गाठायला सवड कुणाला? आमच्या छातीत धस्स झालं, कारण सुरी खरी होती. पण त्या हालचालीत जे होतं ते मला दहा तालमींत सापडलं नव्हतं. पाव अंगाशी धरलेला आहे. तान्हं मूल धरावं तसा. लेकीला आम्ही बोथट सुरी दिली आणि तिने आठवडाभर रोज संध्याकाळी घरातला पाव तसाच कापला. तुकडे एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. नवरा रोज सकाळी टोस्टरशी भांडायचा.

नवरा अल्बर्ट झाला होता. लॉटेचा होणारा नवरा. पुस्तकातला अल्बर्ट चांगला माणूस आहे, वेर्टरलाही तो चांगला वाटतो आणि तीच त्याची पंचाईत. मराठी प्रेक्षकाला मात्र तिघांत एक खलनायक लागतो. दोन जणांनी सुचवलं, अल्बर्टला थोडा खडूस करा. नवरा म्हणाला, “मी ऑफिसातून येतो, जेवतो, लवकर झोपतो. एवढ्यावर लोकांना राग येत नसेल तर माझा नाइलाज आहे.” तसंच ठेवलं.

नाचाच्या रात्रीत एक जागा आहे जी बहुतेक लोकांना आठवत नाही. वादळ येतं, विजा कडाडतात, बायका घाबरून कोपऱ्यांत शिरतात. लॉटे सगळ्यांना गोल बसवते आणि खेळ मांडते. ती गोलाभोवती फिरणार, ज्याच्यापाशी येईल त्याने पुढचा आकडा पटकन म्हणायचा. अडखळला की थोबाडीत. हजारापर्यंत. वेर्टरला दोन बसतात, आणि इतरांपेक्षा आपल्याला जरा जोरात बसल्या असं वाटून तो सुखावतो!

हा खेळ मी मराठीत घेतला. इथे वाढलेली आमची पोरं मराठी आकड्यांना कशी भिडतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. अडतीसपर्यंत गाडी बरी जाते. मग एकोणचाळीस येतो. चाळीस म्हणजे फीर्त्सिग हे ठाऊक, पण चाळिसाच्या आधीच चाळीस का ऐकू येतं हे त्यांच्या डोक्यात शिरत नाही. जर्मनमध्येही आकडे उलटेच बोलतात, ‘तीन आणि चाळीस’, त्यामुळे त्रेचाळीस त्यांना आपल्यापेक्षा सोपा जातो. एकोणपन्नासला सगळा गोल कोसळतो. लेकीचा हात सपासप चालायचा. हजार कशाला, तालमीत एकोणसाठच्या पुढे आम्ही कधी गेलो नाही. प्रयोगाला एकसष्टावर वेर्टर खरोखर अडकला, तो इचलकरंजीचा असून. लेकीने त्याला लगावली तो आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी लिहिलेलं नव्हतं.

त्याच रात्री, वादळ ओसरल्यावर, दोघं खिडकीशी उभे राहतात. बाहेर पाऊस, ओल्या मातीचा वास. लॉटेच्या डोळ्यांत पाणी. ती त्याच्या हातावर हात ठेवते आणि एकच शब्द म्हणते: “क्लॉपस्टॉक!” पुढे काही नाही. वेर्टर रडतो. कारण क्लॉपस्टॉक कवीची वसंतावरची प्रदीर्घ कविता दोघांनाही पाठ आहे, आणि तिच्यात देव वादळात येत नाही, वादळानंतरच्या मंद झुळकीत येतो. तेव्हाच्या जर्मन वाचकाला तेवढं नाव पुरे होतं. आजच्या जर्मन पोरांनासुद्धा शाळेत याचं हसू येतं, लेकीचा सगळा वर्ग हसला होता. मराठीत तर अवघडच. आपल्याकडे मुलगी खिडकीत उभी राहून कवीचं आडनाव घेणार नाही, ओळ म्हणेल. नाव बदलून आपला कवी घालावा, असंही सुचवून झालं. पण १७७१ सालातल्या पोरीला आपला कवी ठाऊक कसा? मी तो प्रसंग मागे नेला. बग्गीत जाताना ती पुस्तकांबद्दल बोलते, तिथे तिच्या तोंडी त्या झुळकीच्या दोन ओळी घातल्या, उगाच, सहज, आणि लगेच विषय बदलला. मग खिडकीशी ती नाव घेते तेव्हा प्रेक्षकाला आठवतं की आपण हे मघाशी ऐकलंय. वेर्टरला आठवतं तसंच. हसू आलं नाही. एक बाई नाक पुसत होत्या, पण त्यांना सर्दी असू शकते, जानेवारी होता.

आता ज्यासाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली ते. जर्मनमध्ये ‘झी’ आणि ‘डू’, आपल्याकडे ‘तुम्ही’ आणि ‘तू’. इंग्रजीतून हे पुस्तक वाचणाऱ्याला आजच्या भाषांतरात सगळीकडे एकच शब्द मिळतो, आणि माझ्या मते पुस्तकाचा कणाच हातातून निसटतो. वेर्टर लॉटेशी झी बोलतो. तीही. तो उन्हाळाभर तिच्या घरात लोळतो, तिच्या भावंडांना पाठीवर घेतो, तिच्या फितीचं चुंबन घेतो, पण तोंडावर झी. मी पहिल्या खर्ड्यात सरळ ‘तू’ लिहून गेले होते. मराठी नाटकातल्या प्रेमिकांना आपण ‘तू’ लावतो तसं हात चालत गेला. मूळ परत ओळीने ओळ लावताना पकडलं. सगळं बदलून ‘तुम्ही’ केलं तेव्हा वेर्टर म्हणाला, “ताई, हे तोंडात बसंना बघा. सतरा वर्षाच्या पोरीला तुम्ही? जावयागत वाटालंय.” वाटू दे, म्हटलं. दोन तालमींनंतर त्यालाच कळलं की ‘तुम्ही’ म्हणताना तो आपोआप एक पाऊल लांब उभा राहतो. हालचाली बसवायला मला काहीच करावं लागलं नाही.

अल्बर्टशी मात्र वेर्टर अरे-तुरे करतो. ऑगस्टमधल्या पत्रात तो सहज म्हणतो, ‘प्रवासाला जातोय, तुझी पिस्तुलं दे.’ डू. दीड वर्षाने तो तीच पिस्तुलं चिठ्ठी पाठवून मागतो, आणि त्या चिठ्ठीत झी आहे. ‘आपली पिस्तुलं प्रवासासाठी द्याल का?’ येरुझालेमने केस्टनरला लिहिलेली खरी चिठ्ठी अशीच अदबीची होती, ग्योटेने तिचाच साचा उचलला असणार. पण कादंबरीत त्याचा परिणाम भयंकर आहे. मित्राला ‘आपण’ म्हटलं, म्हणजे हा माणूस आधीच निघालेला आहे.

आणि लॉटेला तो ‘तू’ कधी म्हणतो? शेवटच्या पत्रात. ‘ठरलं आहे लॉटे, मी मरणार आहे, आणि हे तुला लिहितो आहे.’ एका माणसाचा तू गेला आणि दुसऱ्याचा आला, आणि दोन्ही कागदावर. मराठीत हे जसंच्या तसं उतरतं. एक अक्षर जोडावं लागत नाही. मी ते वाक्य पहिल्यांदा टाइप केलं तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते आणि मी उठून उगाच फ्रिज उघडून उभी राहिले.

‘अहो’चा प्रश्न आला नाही असं समजू नका. लग्नानंतर लॉटेने अल्बर्टला ‘अहो’ म्हणावं, असं काकांचं मत पडलं. माझी लेक म्हणाली, “बाबा नाटकात माझे नवरा आहेत हेच पुरेसं वाईट आहे.” तिने त्याला ‘अल्बर्ट’ म्हटलं, झालं.

मरणाचं काय करायचं हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं. प्रेक्षकांत पंधरा-सोळाची पोरं असणार. अशा मृत्यूच्या बातमीमागून तसेच मृत्यू वाढतात, याला समाजशास्त्रात नावच मुळी ‘वेर्टर इफेक्ट’ आहे. डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन अभ्यासकाने ते १९७४ मध्ये दिलं, पुस्तकाला बरोबर दोनशे वर्षं झाली तेव्हा. ग्योटेलाही धसका बसला होता. १७७५ च्या आवृत्तीत त्याने वेर्टरच्या तोंडून वाचकाला बजावलं, मर्द हो, माझ्या मागे येऊ नकोस. आवाज नाही, पिस्तूल नाही, रक्त नाही, हे आमचं ठरलं. सुरुवातीच्या घोषणेत मोबाइल बंद करायच्या सूचनेबरोबर हेल्पलाइनचा नंबर सांगितला, जर्मन आणि मराठी दोन्हींतून.

फ्रेंच संगीतकार मासनेच्या ‘वेर्टर’ ऑपेरात, जो १८९२ मध्ये व्हिएन्नाला पहिल्यांदा झाला, शार्लट धावत येते, वेर्टर तिच्या मांडीवर गातगात मरतो, बाहेर पोरं नाताळची गाणी म्हणतात. संगीत अप्रतिम आहे, मी गाडीत ऐकते. आपलं संगीत नाटकही असलं काही सोडत नाही, त्यामुळे मोह मला कळतो. पण पुस्तकात अशी भेट नाही. पुस्तकात लॉटे येत नाही. त्याआधी ती एकच गोष्ट करते. वेर्टरचा नोकर चिठ्ठी घेऊन येतो, अल्बर्ट तिला म्हणतो, दे त्याला. ती भिंतीशी जाते, पिस्तुलं काढते, त्यांच्यावरची धूळ पुसते आणि पोराच्या हातात देते. हात थरथरत असतात, पण बोलत काहीच नाही. नंतर वेर्टर पत्रात लिहितो की तू यांची धूळ पुसलीस, आणि त्यात त्याला आनंद होतो! मला त्या जागी त्याचा मनापासून राग येतो.

पाव कापणारे हात आणि धूळ पुसणारे हात. आम्ही एक लाकडी पेटी ठेवली, बंद. लेक ती काढते, पदराने नव्हे, पाव गुंडाळलेल्या त्याच फडक्याने पुसते, हळू, चारी कोपरे, जितका वेळ लावता येईल तितका. मग देते. अंधार. अंधारात संपादकाची शेवटची दोन वाक्यं, आमच्यातल्या नऊ वर्षांच्या पोराने वाचली: कारागिरांनी त्याला उचलून नेलं. बरोबर कुणी पाद्री नव्हता.

प्रयोगाच्या दिवशी रविवार होता. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. बेकऱ्या सकाळी काही तास उघड्या असतात, म्हणून वेर्टरला पाव आणायला धाडलं. काउंटरवरच्या बाईने काहीतरी विचारलं, याने मान हलवली. त्या विचारत होत्या, कापून देऊ का? संध्याकाळी पिशवी उघडली तर अख्खा पाव मशीनवर एकसारखा कापलेला, एकूण एक तुकडा सारखा. चतकोर-नितकोराची वासलात. विंगेत मी, लेक आणि रबरबँडांचं एक पाकीट. दोन रबरबँड लावून, फडक्यात अर्धा गुंडाळून तो पाव तिने छातीशी धरला. चौथ्या पोरापर्यंत निभावलं. मग रबरबँड सुटला आणि पाच-सहा तुकडे स्टेजवर. सहातलं धाकटं, साडेतीन वर्षांचं, आपली ओळ विसरून खाली बसलं, एकेक तुकडा उचलून लॉटेला परत द्यायला लागलं, आणि प्रत्येक तुकड्याला तीच ‘डांके’, म्हणजे थँक्यू, म्हणाली. वेर्टर दारात उभा होता. त्याचं वाक्य तो विसरला, नुसता बघत राहिला. बघण्याचंच काम होतं त्याचं.

सामान आवरून निघेस्तोवर रात्रीचे साडेदहा. हॉल दहाला रिकामा करायचा होता, त्याबद्दल बोलणी खाल्ली. गाडीत मागे लाकडी पेटी, पुढे लेक, मांडीवर उरलेला पाव. एक तुकडा चघळत तिने विचारलं, “आई, तो तू म्हणतो ते पत्र मरायच्या आधी पाठवत नाही ना?”

“नाही. मागे सापडतं.”

“मग तो ते स्टेजवर मोठ्याने का वाचतो? लॉटेने ते ऐकलेलंच नाही. ती वाचणार नंतर. तिच्या घरी. तेव्हा तो तू तिच्या आवाजात येईल.”

लान नदीवरच्या पुलापाशी सिग्नल लाल होता. मी तीन महिने ती संहिता उशाशी घेऊन झोपले होते.

मार्चमध्ये फ्रँकफर्टला दुसरा प्रयोग आहे. ते पत्र आता वेर्टरकडून काढून घेतलंय. इचलकरंजीहून निषेध आलाय. पेटी दिल्यावर अंधार होत नाही. लेक फडकं घडी करते, कागद उलगडते, आणि पहिल्या ‘तू’पाशी अडखळते. तिथे ती मुद्दाम अडखळते की मराठी वाचताना नेहमी अडखळते तशी, हे मी तिला विचारलेलं नाही. पाव मात्र मी स्वतः आणणार आहे, शनिवारीच, अख्खा.